कार्बनचा हिशेब आणि बाईचे तास

गेल्या वर्षी आठ मार्चच्या कार्यक्रमात पर्यावरणावर बोलण्यासाठी आमच्या गटाने एका वक्त्यांना बोलावलं होतं. ते कळकळीने बोलले, बायकांनीही मन लावून ऐकलं. शेवटी त्यांनी प्रत्येकीला एक छापील कागद दिला. वर शीर्षक होतं 'आपल्या घराचा कार्बन-हिशेब'. विजेची युनिटं, गॅसची सिलिंडरं, पेट्रोलचे लिटर असे रकाने, प्रत्येकाला कशाने गुणायचं तो आकडा, आणि खाली बेरजेची जागा. कागदाच्या मागच्या बाजूला 'गृहिणींसाठी वीस सूचना' होत्या. डाळ-तांदूळ भिजवून मगच शिजवा. मिक्सरऐवजी पाटा-वरवंटा वापरा. कपडे शक्यतो हाताने धुवा. अन्न पुन्हा पुन्हा गरम करावं लागू नये म्हणून सर्वांना एकाच वेळी जेवायला बसवा. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवा. ओला कचरा वेगळा करून कुंडीत जिरवा. कोणी दिवा-पंखा चालू ठेवून गेलं असेल तर तो बंद करा. वीस सूचनांपैकी मोटारीबद्दल एकच होती, आणि तिची सुरुवात 'शक्य असल्यास' अशी होती.

कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गोळा करताना आम्ही त्या कागदावर भरपूर हसलो. एक जण म्हणाली, "पृथ्वी तापवली कारखान्यांनी आणि गाड्यांनी, पण थंड करायची मात्र आपण, पाट्यावर चटणी वाटून!" दुसरी म्हणाली, "फेकून दे तो कागद." मी फेकला नाही. तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे असेल, पण रकाने रिकामे असलेला कागद माझ्याच्याने टाकवत नाही. शिवाय उन्हाळा वाढतो आहे, पाऊस बेभरवशाचा झाला आहे, हे काही खोटं नाही. त्याची झळ पहिली कोणाला लागते हेही आपल्याला माहीत आहे. पत्र्याच्या घरात दुपारी पापड लाटणारीला, लांबून पाणी आणणारीला, भर उन्हात खुरपणाऱ्या मजूर बाईला. म्हणून प्रश्न आपला नाही असं म्हणून चालणार नाही. मी कागद घरी आणला, वर्षभराची बिलं काढली आणि बसले.

आधी गुणाकाराचे आकडे सांगते, म्हणजे तुम्हालाही हा हिशेब करता येईल. आपल्या देशात विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, तो संपूर्ण जळला की ४२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो. एवढ्या तीन आकड्यांवर घरातला बहुतेक हिशेब होतो.

आता आमचं घर. पुण्यातला फ्लॅट, माणसं चार: मी, नवरा, मुलगा आणि सून. वर्षात वीज २,९०० युनिटं, म्हणजे २,०३० किलो. सिलिंडर नऊ, म्हणजे सुमारे ३८० किलो. मुलाच्या मोटारीला महिन्याला ४० लिटर पेट्रोल, वर्षाचे झाले जवळपास १,१०० किलो. सुनेच्या स्कूटरचे २२०. त्या वर्षी आम्ही चौघं सुट्टीत विमानाने दिल्लीला जाऊन आलो, त्याचे अंदाजे ७००. बेरीज ४,४३० किलो, म्हणजे साडेचार टनांना थोडी कमी. हा फक्त आम्ही थेट जाळलेल्या इंधनाचा आणि वापरलेल्या विजेचा हिशेब आहे. घराचं सिमेंट, पोलाद, कपडे, फ्रीज, धान्य यांच्यामागचा कार्बन यात आलेला नाही.

बेरीज पाहून मी दचकले खरी, पण जास्त आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्या स्वयंपाकघरावर वीसपैकी निम्म्याहून अधिक सूचना खर्ची पडल्या होत्या, त्यातला गॅस एकूण बेरजेत शंभरात नऊसुद्धा भरत नव्हता.

मग मी विजेची फोड केली. प्रत्येक यंत्रावर लिहिलेले वॅट आणि ते चालण्याचे तास यांचा गुणाकार करून १,००० ने भागलं की युनिटं मिळतात. चार जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे, वर्षाला हजाराच्या वर युनिटं घेत होते. मुलाच्या खोलीतला एसी उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत सातशेच्या वर. गिझर साडेपाचशे. आणि कपडे धुण्याचं यंत्र? आठवड्यातून चारदा, गार पाण्यात, वर्षाला ६० युनिटांच्या आसपास. मिक्सर त्याहून कमी. दोन्ही मिळून वर्षाचा कार्बन पाऊणशे किलो. आमची मोटार एका महिन्यात ९२ किलो सोडते.

मैत्रिणींनो, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. चौघांचे कपडे हाताने धुवायला आणि वाटण पाट्यावर वाटायला रोज किमान एक तास लागतो. म्हणजे मी किंवा माझ्या सुनेने वर्षाचे साडेतीनशे तास मोरीत आणि पाट्यावर घालवायचे, कंबर मोडून घ्यायची, आणि वाचवायचं काय, तर मोटारीच्या एका महिन्याच्या धुरापेक्षाही कमी. हा सल्ला देणाऱ्याने कार्बन मोजला होता, पण बाईचा तास मोजला नव्हता. मोजावा असं त्याला वाटलंच नाही, कारण तो त्याला फुकट मिळतो.

आपण मोजण्याच्या विरुद्ध नाही. उलट, मोजा म्हणून आपणच भांडत आलो. घरकामाचं मोल मोजा, ही मागणी आपल्या चळवळीने किती वर्षं लावून धरली! १९९५ च्या बीजिंग परिषदेच्या जाहीरनाम्यात बिनमोलाच्या कामाची मोजदाद करण्याचं मान्य झालं. आपल्याकडे १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची पहिली सरकारी पाहणी झाली, आणि २०१९ मध्ये देशभर. त्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरकामात जातात असं निघालं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. त्यातही, दिवसात काही ना काही घरकाम करणाऱ्या बायका शंभरात एक्याऐंशी होत्या, पुरुष मात्र सव्वीसच. २०२४ च्या पाहणीत हीच मिनिटं २८९ आणि ८८ आली. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषाचीही नऊ! अशा घरात 'घराने आपला कार्बन कमी करावा' असं म्हटलं, तर ते काम कोणाच्या पदरात पडेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

'घर' हा शब्दच फसवा आहे. घराची मिळकत म्हटलं की ती कोणाच्या हातात आहे, असं आपण विचारायला शिकलो. घराची अब्रू म्हटलं की ती कोणी सांभाळायची, हेही विचारतो. तसंच घराच्या कार्बनचं. आमच्या घरात गाडी कोणती घ्यायची ते मुलगा आणि नवरा यांनी ठरवलं. एसी लावायचा हे मुलाने ठरवलं. डाळ भिजवायची की नाही हे मात्र मी ठरवते. मोठे निर्णय एकाच्या हातात आणि बारीकसारीक काटकसर दुसरीच्या, ही विभागणी आपल्या ओळखीची नाही का? जुन्या जमाखर्चाच्या वहीत हेच असायचं. फर्निचर, स्कूटर ही नवऱ्याची खरेदी. आणि महिनाअखेर तेल पुरवायचं कौशल्य बायकोचं.

म्हणून मी त्या कागदावर पेनने आणखी दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'निर्णय कोणाचा?' आणि दुसऱ्यावर 'वाढणारं काम कोणाचं?' मग एका रविवारी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. नियम एकच सांगितला. कार्बन कमी करायचा, पण या घरातल्या बाईच्या कामाचा एक तासही न वाढवता.

पहिली अर्धी दुपार भांडणात गेली. मुलाचं म्हणणं, "आई, तू सगळं माझ्या गाडीवरच आणतेस." मी म्हटलं, "मी नाही आणत रे, आकडे आणतात." पण हळूहळू काही गोष्टी ठरल्या. चारही पंखे बदलले. नवे पंखे तीस-पस्तीस वॅटवर चालतात. पैसे एकदाच गेले, काम कोणाचंच वाढलं नाही आणि वर्षाची ६०० युनिटं वाचली. मुलगा आठवड्यातले दोन-तीन दिवस मेट्रोने जायला लागला, पेट्रोल ४० लिटरचं २४ वर आलं. एसी २६ वर ठेवायचा, जोडीला पंखा लावायचा आणि पहाटे तो आपोआप बंद होईल असं लावून झोपायचं, हे मान्य झालं, त्याची सुमारे २०० युनिटं. आणि डाळ भिजवून कुकरला लावण्याचं काम निवृत्त नवऱ्याने घेतलं. पहिल्या आठवड्यात दोनदा शिटीच बसवायला विसरला, पण शिकला. सिलिंडर नऊचे आठ झाले.

वर्षाने पुन्हा बेरीज केली. पंख्यांचे ४२०, पेट्रोलचे ४४०, एसीचे १४०, गॅसचे ४०, असे १,०४० किलो कमी झाले होते. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. पाटा-वरवंटा माळ्यावरच आहे आणि कपडे यंत्रातच धुतले जातात. सुट्टीला विमानाने जायचं की रेल्वेने, हे घोंगडं अजून भिजत पडलं आहे.

एक गोष्ट मात्र जमली नाही, तीही सांगायला हवी. गिझरची साडेपाचशे युनिटं वाचवायची तर गच्चीवर सौर बंब हवा. गच्ची सोसायटीची. त्यासाठी सर्वसाधारण सभेत विषय मांडायचा होता. मी कागद, आकडे, दोन विक्रेत्यांचे दर घेऊन गेले. अध्यक्ष हसतमुखाने म्हणाले, "वहिनी, फ्लॅट साहेबांच्या नावावर आहे ना? मग ठराव त्यांनाच मांडू द्या." गेली पंचवीस वर्षं या फ्लॅटच्या हप्त्यात माझ्या पगाराचा वाटा होता. पण नावावर नाही म्हणून सभासद नाही, आणि सभासद नाही म्हणून ठराव नाही. सरकार आज छतावरच्या सौर विजेला अनुदान देतं. २०२४ पासून सुरू असलेल्या योजनेत ते ७८,००० रुपयांपर्यंत मिळतं. पण छप्पर कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न त्या अनुदानाच्या आधी येतो. बाईने वीज वाचवावी असं सगळ्यांना वाटतं. तिने छपराचा निर्णय घ्यावा असं किती जणांना वाटतं? सोसायटीत आमचा विषय अजून 'पुढील सभेत' आहे. दरम्यान फ्लॅटवर माझं नाव लावण्याचे कागद मात्र आम्ही केले. कार्बनच्या निमित्ताने का होईना, ते काम मार्गी लागलं.

हे झालं आमच्यासारख्या घराचं. पण आमच्या गटात घरकामगार मैत्रिणीही आहेत. त्यांतल्या एकींनी माझ्याकडून त्यांचा कागद भरून घेतला. दोन खोल्या, पाच माणसं, वर पत्रा. महिन्याला साठेक युनिटं. उज्ज्वला योजनेतलं कनेक्शन आहे, पण भरलेल्या सिलिंडरचे पैसे एकदम काढणं जड जातं, म्हणून वर्षाला चारच. आंघोळीचं पाणी दाराबाहेरच्या चुलीवर, बांधकामावरची फळकुटं जाळून. त्या स्वतः कामाला दोन बस बदलून जातात. एकूण पावणेसातशे किलो, माणशी १३५. आमच्या घरात माणशी १,१०० च्या वर. त्या म्हणाल्या, "ताई, म्हंजी मी पास झाले का? शाबासकी देणार का मला?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या कागदावर चुलीचा रकानाच नव्हता. असे हिशेब करताना लाकडाचा कार्बन बहुधा शून्य धरतात, कारण झाड पुन्हा वाढलं की तेवढाच कार्बन हवेतून ओढून घेतं, असं गृहीत असतं. आकाशाच्या दृष्टीने हे गणित कदाचित बरोबर असेल. पण तो धूर आधी बाईच्या छातीत जातो. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईचा खोकला कोणत्या रकान्यात लिहायचा? या मैत्रिणीचा कार्बन कमी आहे तो ती जपून वागते म्हणून नाही, तिच्याकडे काही नाही म्हणून. तिचा आकडा कमी करायचा नाही. तो वाढायला हवा. तिच्या घरी वर्षाला चाराची आठ सिलिंडरं झाली पाहिजेत, पत्र्याखाली दोन पंखे चालले पाहिजेत, फ्रीज आला पाहिजे.

त्यांच्या मुलाच्या दुचाकीचं पेट्रोल मी आधी त्यांच्या बेरजेत धरलं होतं, मग खोडलं. तो दिवसभर घरोघरी जेवण पोचवतो. ते पेट्रोल त्याच्या घराचं, की ज्यांनी जेवण मागवलं त्यांच्या घरांचं? आमच्या सोसायटीत रोज रात्री अशा किती दुचाकी येतात ते मी गॅलरीतून पाहते.

जगण्यासाठी लागणारा धूर आणि चैनीचा धूर एका मापाने मोजू नका, असं अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच मांडलं होतं. ते गरीब आणि श्रीमंत देशांबद्दल बोलत होते. भारताचा माणशी कार्बन आज वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, अमेरिकेचा सुमारे चौदा. पण हाच भेद एका शहरात, एका रस्त्याच्या दोन बाजूंना आणि एकाच घराच्या आतही आहे, हे बोलणं आपलं काम आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवू या. प्रत्येकाने आपापला कार्बन मोजावा ही कल्पना लोकांच्या मनात रुजवण्यात एका तेल कंपनीचा मोठा हात आहे. ब्रिटिश पेट्रोलियमने २००४ मध्ये घरबसल्या आपला कार्बन मोजण्याची सोय लोकांना करून दिली आणि तिचा जाहिरातींतून गाजावाजा केला. तेल विकणाऱ्याने गिऱ्हाईकाला सांगायचं की बाबा रे, तू किती जाळतोस ते बघ! यातली मखलाशी आपण ओळखली पाहिजे. मी कितीही दिवे बंद केले तरी माझ्या युनिटमागचा ०.७ हा आकडा माझ्या हातात नाही. तो चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या वीज केंद्रासारख्या ठिकाणी ठरतो. एका युनिटसाठी तिथे साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. आमचा एसी पुण्यात चालतो आणि त्याची राख त्या भागातल्या बाईच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते.

मग हिशेब करायचाच नाही का? मला वाटतं, करायचा. पण तो घरात ठेवायचा नाही. १९७२-७३ मध्ये मुंबईत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांच्या बायका एका समितीत एकत्र आल्या होत्या. त्या बायकांकडे काय होतं? स्वयंपाकघरातला हिशेब. तेल किती, रॉकेल किती, साखर किती, आणि पुरत का नाही. तो हिशेब त्यांनी आणखी काटकसर करण्यासाठी वापरला नाही, सरकारला जाब विचारण्यासाठी वापरला. कार्बनच्या कागदाचंही आपण तसंच केलं पाहिजे.

मोटार कमी व्हायला हवी तर बस हवी, आणि बसथांब्यावर दिवा हवा. रात्री आठनंतर बाई पायी का जात नाही, हा आपला जुना प्रश्न आहे. आता तो कार्बनचाही आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचं स्वागतच. पण गाडीच वेळेवर येत नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? सिलिंडर परवडेल अशा भावात हवा, म्हणजे चूल विझेल. वस्तीतल्या घरांना स्वतःच्या नावाचा मीटर आणि उन्हात तापणार नाही असं छप्पर हवं. घरांच्या मालकीत बायकांची नावं हवीत, म्हणजे गच्चीवर काय बसवायचं ते ठरवताना त्यांचा हात वर होईल.

गटागटांना माझी सूचना अशी आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एका वर्षाची वीजबिलं आणि सिलिंडरच्या पावत्या घेऊन या. फ्लॅटमधल्या आणि वस्तीतल्या मैत्रिणींनी एकाच सतरंजीवर बसून हिशेब करा, वेगवेगळा नको. रकाने चार ठेवा: किती जळलं, निर्णय कोणाचा, वाढणारं काम कोणाचं, आणि यातलं घरात काय सुटेल नि कशासाठी नगरपालिकेच्या दारात जावं लागेल. शेवटचा रकाना सगळ्यात लांब होईल. तोच निवेदनाचा मसुदा समजा.

आमच्या गटाने गेल्या महिन्यात एवढ्याने सुरुवात केली आहे. पहिलं निवेदन बसथांब्यावरच्या दिव्यांचं आहे, आणि त्यावर पहिली सही त्या 'पास' झालेल्या मैत्रिणीची आहे. तुमचे हिशेब काय निघतात, ते जरूर लिहून कळवा.